मृगाच्या दिवशी रिकामा टब

आमच्या बाजारात राजव्वाक्काचा मासा आणि माझी चिंच शेजारीशेजारी विकली जायची. तिची मरळ घेतलेला माणूस चिंचेसाठी माझ्याकडे वळणारच. मृग लागला की तेलंगणात घरोघरी मासा शिजतो; त्या दिवशी जो खाणार नाही तो वर्षभर खोकणार, असं सगळे धरून चालतात. अक्काच्या टबात मरळ अशी उसळायची की येणाऱ्याजाणाऱ्याचं धोतर भिजायचं.

त्या वर्षी मृगाच्या तोंडावर मत्स्य कॉलेजच्या सुचरिता मॅडम मच्छीमार संघाच्या बैठकीला आल्या. उन्हाळ्यात त्यांनी आमच्या तळ्यातले मासे तपासायला नेले होते.

"शिसं आणि कॅडमियम निघालंय," त्या म्हणाल्या. "कारखान्यांच्या नाल्यातून येतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना जास्त धोका."

संघाचा अध्यक्ष नरसिंहलू हसला. "मॅडम, मासा बघा तरी! उडी मारून तुमच्या पदरात पडेल. आजारी कुठं दिसतोय?"

"बाहेरून दिसत नाही. कल्ले आणि काळीज आतून नासलंय."

अक्कानं विचारलं, "मीठ-हळद चोळून धुतला तर?"

"नाही जात."

"चिंचेत रटरटून शिजवला तर?"

"धातू आहे तो, अक्का. शिजवून कसा जाईल?"

अक्का उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मी विकणार नाही."

"मृग होऊन जाऊ दे, मग बघू," नरसिंहलू म्हणाला.

"मृगालाच तर पोरंसोरं खातात."

घरी तिच्या नवऱ्यानं, भिक्षपतीनं, मरळ धरून ठेवली होती. तो म्हणाला, "आपण जन्मभर तेच खाल्लं की."

"आपल्या पोटात गेलं ते गेलं. आता माझ्या हातानं दुसऱ्याच्या नको." दोघांनी मिळून खड्डा खणला आणि मासे चुना टाकून पुरले.

मृगाच्या सकाळी ती बाजारात आली आणि रिकामा टब पुढ्यात ठेवून बसली.

"घरीच बसायचंस ना," मी म्हटलं.

"घरी बसले तर लोकांना वाटेल ताप आला, आणि जातील पुढच्या टबाकडे."

शाळेतले मल्लेशम सार पिशवी झुलवत आले. "काय राजव्वा, संपवलीस? माझी ठेवली असशील राखून."

"आणलीच नाही, सार. तळ्यात विष आहे."

"आणि मी खोकून मेलो म्हणजे?"

"रडायला येईन की. पण माझा मासा खाऊन गेलात तर कुठल्या तोंडानं येऊ?"

लोक हसले. सारांनी पिशवीची घडी घातली. दुपारपर्यंत येईल त्याला ती तेच सांगत राहिली, घसा बसेपर्यंत. माझी चिंच तशीच पडून होती, पण उठावंसं वाटेना.

नरसिंहलू तणतणत आला. "आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देतेस!"

"अण्णा, तुझी सून पोटुशी आहे. आज वाढशील तिच्या ताटात?"

तो आला तसाच निघून गेला. थोड्या वेळानं पलीकडच्या मासेवाल्या भारतम्मानं आपल्या टबावर ओलं पोतं ओढलं. मग आणखी एकीनं. बाकीच्या मात्र विकतच राहिल्या. अक्का त्यांना काही बोलली नाही.

पुढं कारखान्यांचा नाला वळवावा म्हणून मोर्चे निघाले, ते नरसिंहलूच्याच मागं. नाला वळवायला फार वर्षं गेली. तळ्यातला गाळ अजून निघतोय, आणि मॅडम अजून "थांबा" म्हणतात. अक्का वरच्या गावातल्या तळ्यावरून बसनं मासा आणते, थोडाच. पण आता आमच्या बाजारात कुणीही आलं, तर भाव विचारायच्या आधी विचारतं, "कुठल्या तळ्यातली?" आणि त्या मृगाला अक्काला शिव्या घालणाऱ्या मासेवाल्यांनाही उत्तर द्यावंच लागतं.