राखीव दलातला जावई

माझा भाऊ किन सैन्याच्या राखीव दलात होता तेव्हा महिन्यातला एक शनिवार-रविवार त्याला कवायतीला जावं लागे. तेवढंही त्याला जमलं नाही. वर्षभर दांड्या मारल्या म्हणून त्याला काढून टाकलं आणि कागदावर शेरा मारला: सन्मानावाचून सेवामुक्त. आमच्या बेटावरच्या इनालाहन गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात गेलेला. कोणाच्या भिंतीवर आजोबांचा नौदलातला फोटो, कोणाच्या भिंतीवर लेकीचा विमानदलातला. आमच्या भिंतीवर किनचा होता. आईनं तो काढला नाही, फक्त वरून कॅलेंडर टांगलं.

किनला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी दिसत नसे. तो शाळेची बस चालवतो, पोरं त्याच्यावर खूश असतात, बायको रीता इस्पितळात नर्स आहे. सगळं सुरळीत होतं. फक्त घरात सासू होती.

सासूचं नाव लोले. गावात तिला तान लोले म्हणतात. वय झालेल्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. किन संध्याकाळी बस लावून घरी आला की आधी तिच्यापुढे वाकून तिच्या हाताला नाक लावायचा, आणि ती तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणायची, "आलास? आज कुठून पळून आलास?"

"बसडेपोतून, आई."

"बरं झालं. त्यांनी तरी पकडून ठेवायचं."

हे रोजचं. लग्नात ती पाहुण्यांना म्हणाली होती, "सैन्यातून पळाला, पण माझ्या मुलीपासून पळू शकला नाही." बारशाला म्हणाली, "मूल बापावर गेलंय, हजेरीच्या वेळी झोपलंय." किन हसायचा आणि ताटात आणखी थोडा लाल भात वाढून घ्यायचा. मला राग यायचा. तो म्हणायचा, "असू दे गं, म्हातारीला तेवढाच विरंगुळा."

तर झालं असं, की राखीव दलातल्या माणसांनाही आता आमच्या बेटावरच्या सैनिकांच्या दफनभूमीत जागा मिळणार, अशी बातमी आली. बायकोसकट. अट एकच, शेरा बरा हवा. तान लोलेचा नवरा नौदलात स्वयंपाकी होता. तो तिथंच आहे, आणि त्याच्याजवळ हिची जागा ठरलेली. हिरवळ कापलेली, सगळे दगड एका रांगेत, खाली समुद्र. ती दर महिन्याला जाऊन स्वतःची जागा पाहून येते.

त्या रविवारी जेवताना तिनं विषय काढला. मीही तिथं होते.

"रीतालाही तिथं जागा मिळते म्हणे. नवरा चांगल्या शेऱ्यानं सुटलेला असला तर."

"आई, तू ठणठणीत आहेस," रीता म्हणाली.

"ठणठणीत आहे म्हणून तर सांगतेय. मेल्यावर येऊन सांगू? तुझ्या दोघी बहिणी सॅन दिएगोला गेल्या, त्या काही परत येत नाहीत. तुझा बाप जन्मभर बोटीवर होता, त्याच्या शेजारी असून नसून सारखंच. मला बोलायला कोणीतरी नको?"

किननं विचारलं, "आणि मी कुठे, आई?"

"तू रीताच्या पलीकडे. नाइलाज आहे. तुझ्याशिवाय तिला घेत नाहीत."

किन एरवी मला नुसतं बेबा म्हणतो. 'चेलू' म्हणून बहिणीचं नातं काढलं की समजावं, काहीतरी गळ्यात येणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "चेलू, शेरा बदलून मिळतो का गं?"

"कशाला? मेल्यावरसुद्धा सासूचे टोमणे ऐकायचेत?"

"मधे रीता असेल ना. आणि चेलू, म्हातारी रात्रंदिवस त्याच विचारात असते. परवा माझ्याकडे बघून उसासा टाकला तिनं. टोमणा नाही, नुसता उसासा. मला ते सहन होत नाही."

मग आम्ही मास्टर सार्जंट मेनोंकडे गेलो. मेनो निवृत्त होऊन जमाना झाला. लोकांना सैन्याचे अर्ज लिहून देण्यात त्यांचं म्हातारपण मजेत चाललंय. अंगणात आंब्याखाली टेबल, टेबलाखाली दोन कुत्री, टेबलावर चष्मा आणि सरकारी फॉर्मांचा गठ्ठा. त्यांनी किनचा कागद वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्जाची मुदत संपत आलीय. तुझ्या सवयीला धरून आलास. बरं, का येत नव्हतास कवायतीला?"

"घरगुती अडचण होती, सर."

"घरगुती अडचण सगळ्यांनाच असते, तिला लग्न म्हणतात. शेरे तपासणाऱ्या बोर्डापुढे दमदार कारण लागतं. युद्धावरून आल्यावर झोप लागत नव्हती?"

"मी युद्धावर गेलो कुठे? गोदामात टायर लावत होतो."

"टायरांमुळे झोप लागत नव्हती?"

"छान लागायची, सर."

मेनोंनी हताश होऊन कुत्र्यांकडे पाहिलं. "पाठीत दुखायचं? दारू? निदान वरिष्ठांनी छळलं असेल?"

"कॅप्टन फार चांगला होता. फोन करायचा बिचारा. मी हो हो म्हणायचो."

शेवटी 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलं. मी तीनदा विचारलं, कोणाच्या घरची? आईची तब्येत तर तेव्हा उत्तम होती. किन म्हणाला, "घरगुती म्हणजे घरगुती." बाकी मेनोंनीच भर घातली: गावच्या पाद्र्यांचं पत्र, बसडेपोचं पत्र, आणि वादळात अडकलेल्या पोरांना त्यानं बसमधून सुखरूप घरी सोडलं होतं ते.

बरेच महिने गेले. मग बोर्डानं कळवलं की सुनावणी घेऊ, पडद्यावरून. तिकडे वॉशिंग्टनजवळ त्यांची दुपार, म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट. मेनो म्हणाले, "म्हणजे ते लोक अजून कालच्यातच असणार. उशीर केलास तरी चालण्यासारखं आहे."

सुनावणी माझ्या स्वयंपाकघरात ठरली, कारण इंटरनेट माझंच बरं चालतं. किन इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर, शेजारी मेनो, मी भिंतीला टेकून उभी. रीताला रात्रपाळी होती. तान लोले न बोलावता आली आणि फ्रिजजवळच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर ती दिसत नव्हती.

"आई, एक शब्द बोलायचा नाही," किन म्हणाला.

"मी कशाला बोलू? तू बोल. तुझीच हजेरी आहे, पहिल्यांदाच लागतेय."

पडद्यावर पाच अधिकारी आले. मधे एक कर्नलबाई होत्या, पांढरे आखूड केस, आवाज शांत. शपथ झाली. शेजारच्या कोंबड्यानं तेवढ्यात आरवायला सुरुवात केली, आणि एका अधिकाऱ्यानं मान वळवून स्वतःच्याच मागे पाहिलं. मेनोंनी दहा मिनिटं छान भाषण केलं. मग कर्नलबाईंनी कागद बाजूला ठेवले.

"तुम्ही घरगुती अडचण लिहिलीय. नेमकी काय अडचण होती?"

"घराचं काम होतं, मॅडम."

"तुमच्या घराचं?"

किन गप्प. कोंबडाही नेमका गप्प.

"नाही, मॅडम. वादळात एका घराचं छप्पर उडालं होतं. तिथल्या घरधन्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिघी मुली आणि त्यांची आई, ताडपत्रीखाली राहत होत्या. पुन्हा पत्रे ठोकले असते तर पुन्हा उडाले असते. म्हणून स्लॅब टाकायचा ठरवला. सळया बांधायच्या, सेंट्रिंगच्या फळ्या लावायच्या, वाळू उपसायची. माणसं शनिवार-रविवारीच मोकळी असायची, आणि मिक्सरही तेव्हाच मिळायचा. मी नसलो की काम थांबायचं, कारण मिक्सर मलाच चालवता यायचा."

"हे तुमच्या कॅप्टनना का सांगितलं नाहीत? रजा मिळाली असती."

"काय सांगणार, मॅडम? त्या घरातल्या धाकट्या मुलीवर माझा जीव होता. तिला अजून विचारलंही नव्हतं. सैन्याला काय सांगू, की न ठरलेल्या लग्नातल्या सासूचं छप्पर आहे म्हणून?"

मी फ्रिजकडे पाहिलं. तान लोलेचं चघळणं थांबलं होतं. ती किनकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मग ती उठली. मी हात धरायला गेले तर तिनं तो झटकला आणि सरळ लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ, की बोर्डाला बहुतेक तिच्या झग्यावरची मोठी तांबडी फुलंच दिसली असावीत.

"कोण आहे?" कर्नलबाईंनी विचारलं.

"छप्पर माझं आहे," तान लोले म्हणाली.

"आई, खाली बसा," किन कुजबुजला.

"तू गप्प. बाई, लिहून घ्या. दर महिन्याला कवायतीच्या आदल्या शुक्रवारी मी ह्याला विचारायचे, उद्या येतोस ना? आणि हा म्हणायचा, येतो, सार्जंटनं सुट्टी दिलीय. दर महिन्याला! मला वाटलं, काय पण सैन्य आहे, सुट्ट्याच देतं. पुढे ह्याला काढलं तेव्हा म्हणाला, छप्पर झाल्यावर झोपून राहायचो म्हणून काढलं. मी आजवर तेच धरून बसले. ह्यानं मला फसवलं. ते लिहा. ह्या माणसानं मला फसवलं."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. मग कर्नलबाईंनी विचारलं, "छप्पर अजून आहे का?"

"दोन मोठी वादळं गेली डोक्यावरून," तान लोले म्हणाली. "थेंब नाही. शेजारचे लोक माझ्याकडे येऊन बसतात."

कर्नलबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसल्या की नाही ते मला सांगता येणार नाही. मेनो शपथेवर सांगतात की हसल्या.

एका अधिकाऱ्यानं किनला चांगलंच सुनावलं. म्हणाला, एक फोन केला असता तर हे घडलंच नसतं. तुमच्या जागी दर वेळी दुसऱ्या कोणीतरी तुमचं काम केलंय, ते विसरू नका. किन म्हणाला, "हो सर, ते खरं आहे. त्याचं मला वाईट वाटतं." पडदा काळा झाला. मेनोंनी रुमालानं कपाळ पुसलं. "एवढ्या वर्षांत असा साक्षीदार पाहिला नाही," ते म्हणाले. पण साक्षीदार तोवर फाटकाबाहेर पडला होता.

त्यानंतर जे झालं ते किनला अगदीच अवघड गेलं. तान लोले त्याला काही बोलेनाशी झाली. तो संध्याकाळी वाकायचा, ती हात पुढे करायची आणि म्हणायची, "जेवून घे." बस. ताटात माशाचा मधला तुकडा त्याला. खोबरं घातलेलं कोंबडीचं केलागेन, जे ती फक्त सणाला करते, ते साध्या बुधवारी. शर्टाचं तुटलेलं बटण कोणीतरी लावून ठेवलेलं.

किन माझ्याकडे आला. उतरलेल्या तोंडानं. "म्हातारी आजारी तर नाही ना गं?"

"तुला आवडत नाही का, गोड बोललेलं?"

"गोड बोलत नाही, चेलू. बोलतच नाही. काल मी मुद्दाम उशिरा गेलो. म्हटलं, आता तरी विचारेल कुठे पळाला होतास. तर म्हणे, दमला असशील." त्यानं डोक्याला हात लावला. "मी त्याच भीतीनं तिला कधी सांगितलं नव्हतं. माहीत होतं, कळलं की ती अशी होणार. मला अशी सासू नको. ती आधीची बरी होती."

रीताला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. किननं तिच्याकडून वचन घेतलं होतं. मी तिला विचारलं, इतकी वर्षं आईचं बोलणं कसं ऐकून घेतलंस? ती म्हणाली, "तो ऐकून हसायचा ना, म्हणून. रडला असता तर सांगितलं असतं."

निकाल पावसाळा संपता संपता आला. मेनो स्वतः घेऊन आले, फाटकापासूनच कागद हलवत. पूर्ण सन्मान काही मिळाला नव्हता. सैन्य तेवढं उदार नाही. पण जुना शेरा खोडून नवा दिला होता, मधला. त्याला 'जनरल' म्हणतात. म्हणजे सर्वसाधारण, पण सन्मानाच्याच खात्यातला. दफनभूमीच्या कचेरीत मेनोंनी आधीच विचारून ठेवलं होतं. तेवढ्यावर काम भागत होतं.

किननं कागद वाचला, परत वाचला आणि रीताला दिला. ती त्याच्या खांद्याला टेकली. तान लोले ओट्यापाशी पपई किसत होती. तिनं पाठ न वळवता विचारलं, "काय झालं?"

"जनरल मिळालं, आई," किन म्हणाला.

"काय मिळालं?"

"जनरल. म्हणजे अगदी पूर्ण नाही, पण..."

तान लोलेनं किसणी खाली ठेवली. हात पुसले. वळून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पायातल्या सपातांपर्यंत. मग मेनोंना म्हणाली, "सार्जंट, उठा. बसलात काय? जनरल उभा आहे समोर."

मेनो उठले. खरंच उठले, आणि सलाम ठोकला.

"आई, तसं नाही हो ते. तो शेऱ्याचा प्रकार आहे," किन सांगायला लागला.

"मला शिकवू नकोस. गोदामात टायर लावायला गेलास, एक वर्ष घरी झोपलास..." इथं ती क्षणभर अडखळली, पण सावरली. "...आणि जनरल होऊन आलास. माझा नवरा इतकी वर्षं बोटीवर राबला, त्याला कोणी हवालदारसुद्धा केलं नाही. पळून जाण्यात एवढी बढती मिळते हे माहीत असतं तर त्यालाही पळवला असता."

किन हसायला लागला. तो इतका हसला की त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं, आणि डोळे पुसता पुसता तो म्हणाला, "बरी आहात ना, आई?"

"मला काय धाड भरलीय? जनरलसाहेब, ती पपईची टोपली इकडे घ्या. आणि ताठ उभे राहा, माणसं बघतायत."

आता सगळं गाव त्याला जनरल म्हणतं. शाळेची पोरं बसमध्ये चढताना सलाम करतात. परवा चर्चच्या दारात नव्या पाद्र्यांशी ओळख करून देताना तान लोले म्हणाली, "हा माझा जावई. सैन्यात जनरल आहे." पाद्री बिचारे लगबगीनं हात पुढे करून म्हणाले, "अभिनंदन, सर. सध्या कुठे नेमणूक?"

किननं सासूकडे पाहिलं. ती आकाशाकडे बघत होती.

"ह्यांच्या हाताखाली, फादर," तो म्हणाला.