कोपऱ्यातली टेबलं

गढा या हिंदीभाषी वस्तीतल्या आमच्या मराठी वाचनालयात जुने दिवे काढून विजेची बचत करणारे इंडक्शन दिवे बसवले, आणि त्या दिवसापासून मला कोपऱ्यातल्या टेबलावर वाचता येईना. मी इथला ग्रंथपाल.

दोष माझ्याच डोळ्यांचा, असं मी धरून चाललो. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला होता. शिवाय चूक आपलीच असणार, ही सवय जुनी. आठ दिवस गप्प बसलो. मग दिव्याच्या खोक्यातली पुस्तिका सापडली. छापलेलं काही मला वाचल्याशिवाय टाकवत नाही. हा दिवा रुंद, गोल कड्यासारखा आहे, त्याला पसरट शेड हवी, असं तिच्यात लिहिलं होतं. आमच्याकडे जुन्या खोल शेडमध्येच नवे दिवे कोंबले होते. निम्मा उजेड आतच अडकत होता.

तरीही वाटे, आपल्याला काय कळतं यातलं?

शनिवारी संध्याकाळी ठेकेदार योगेश काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आला. सोबत सचिव भय्यासाहेब.

"काका, इथे. बस, एक साइन."

"कोपऱ्यात उजेड कमी आहे," मी पुटपुटलो.

योगेशने बरोबर दिव्याखाली उजेड मोजायचं मीटर धरलं. "देखिये, भरपूर आहे. चष्मा बदला, काका!"

भय्यासाहेब हसले. "श्रीकांतजी, काहून अडवून राहिले? उद्या नव्या दिव्यांचं उद्घाटन आहे. टाका सही."

मी पेन उघडलं. तेवढ्यात खुर्च्यांकडे लक्ष गेलं. वीसेक वाचक होते, आणि सगळे खुर्च्या ओढून दिव्यांखाली दाटीवाटीने बसले होते. कोपऱ्यातली चारही टेबलं रिकामी.

"भय्यासाहेब," मी म्हणालो, "या सगळ्यांनाच मोतीबिंदू झालाय का?"

परीक्षेचा अभ्यास करणारी पूर्णिमा मान वर न करता म्हणाली, "वहाँ कुछ दिखताच नाही, काका."

मी त्याच कागदावर लिहिलं: 'कोपऱ्यात वाचता येत नाही. शेड बदलल्याशिवाय काम पूर्ण नाही.' खाली सही केली.

योगेशचा चेहरा उतरला. "ये क्या लिख दिया?"

"त्या कोपऱ्यात बसा आणि वाचा. अक्षर बारीक आहे माझं."

कागद भय्यासाहेबांनी घेतला. कोपऱ्यात बसून तो जवळ धरला, लांब धरला. मग उठले आणि खुर्ची दिव्याकडे ओढू लागले.

"खुर्ची राहू द्या तिथेच," मी म्हणालो. "शेड बदलायची आहे."