नववं मत

कीर्तिदालनाच्या भिंतीवर फोटो लागायचा तर बारांपैकी नऊ मतं लागत. मत देणारे सगळे जुने खेळाडू आणि पंच. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीनच नावं लिहायची, घडी घालून पेटीत टाकायची. नाव यादीत दहा वर्षं राही. तेवढ्यात नऊ मतं नाही पडली, तर ते कायमचं खोडत. प्रशिक्षक बाईंचं हे दहावं वर्ष होतं.

हरणाला हे पक्कं ठाऊक होतं. हरीण म्हणजे एकेकाळचा शंभर मीटरचा विजेता. आता पोट सुटलं होतं, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. त्याला धावायला शिकवलं ते बाईंनी. पहिले बूटही त्यांनीच आणले होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून.

चिठ्ठीवरची दोन नावं त्याने झटक्यात लिहिली. रिलेतले जुने सोबती होते, शब्द दिलेला होता. तिसऱ्या नावाला पेन अडलं. बाईंना काय, बाकीचे देणारच! गेल्या वर्षी आठ पडलेली. यंदा शेवटचं वर्ष म्हटल्यावर कोण हात आखडता घेईल? यादीच्या तळाशी मात्र तो वजन उचलणारा होता, ज्याला सगळे क्रेन म्हणत. निकालाचा कागद दारावर लागतो. बिचाऱ्याच्या नावापुढे भोपळा दिसला तर बायकापोरांत काय इज्जत राहील? हरणाने क्रेनचं नाव लिहिलं आणि आपल्याच चांगुलपणावर जरा खूशही झाला.

बाईंना आठ पडली.

ओसरीत शिट्टीवाले भेटले. हे जुने पंच. बाईंच्या मुलीला त्यांनी चुकीच्या सुरुवातीबद्दल शर्यतीतून बाहेर काढलं, तेव्हापासून दोघांत तीस वर्षं अबोला. ते पुटपुटले, "मी दिलं हो तिला. भांडण भांडणाच्या जागी."

भिंतीसाठी मागवलेला बाईंचा फोटो परत करायचा होता. तो कुणी न्यायचा? सगळे हरणाकडे बघू लागले.

बाई वाटाणे सोलत होत्या. पाकीट बघूनच त्यांना कळलं.

"किती?"

"आठ."

"एका मताने?" त्या हसल्या. "अरे, शंभर मीटरला एवढ्याशाने हरलेली पोरं मी किती समजावलीत! आता मलाच कोण समजावणार?" मग त्यांनी हात पुसले आणि अंगठा वर केला. "हा तू." मग एकेक बोट उघडत सात नावं घेतली. "ही सगळी माझी माणसं, ह्यांची मला खात्री आहे. बाकी तिघांची आशा नव्हतीच. घात केला तो त्या शिट्टीवाल्याने. मरेपर्यंत त्याचं तोंड बघणार नाही."

हरणाला गप्प बसता आलं असतं. चहा पिऊन, पाया पडून निघता आलं असतं.

"त्यांनी दिलं, बाई."

"तुला काय ठाऊक? चिठ्ठ्या गुप्त असतात ना?"

"स्वतः सांगितलं मला. खोटं नाही बोलत ते."

बाईंनी नववं बोट उघडलं. "मग नऊ झाली की रे."

हरीण फरशीकडे बघत होता. बाईंची नजर त्याच्यावरून आपल्या उघड्या बोटांवर आली. मग त्यांनी सावकाश अंगठा मिटला.

"कुणाला दिलंस?"

"क्रेनला. त्याला भोपळा मिळू नये म्हणून. मला वाटलं, तुम्हाला काय, सगळेच देतील..."

"किती पडली त्याला?"

"एक."

बाईंनी वाटाण्यांचं ताट पुढे ओढलं. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "शिट्टीवाल्याला सांग, उद्या चहाला ये म्हणावं."

"सांगतो."

आणि मी कधी येऊ, हे विचारायला त्याची जीभ रेटली नाही. उंबऱ्यापाशी बूट घालताना एक नाडी सुटीच राहिली. एरवी बाईंनी हटकलं असतं, नाडी सुटलीय रे. आज त्यांनी मान वर केली नाही.