गुलाबी न झालेली माती

बाबांना कुणी धंदा विचारला की उत्तर ठरलेलं. "चुना लावतो. पण लोकांना नाही, जमिनीला!" चाळीस वर्षं हाच विनोद, आणि दर वेळी पहिले हसणार तेच.

काळी चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ता टिकत नाही. तिच्यात चुना कालवून दोन दिवस मुरू दिला की ती घट्ट बसते. कालवणाऱ्या टोळीचे बाबा मुकादम, चुना स्वतःच्या हाताने पसरणारे, आणि मी तपासणीवाली. मातीवर औषध फवारायचं. चुना असेल तर माती गुलाबी होते. हे मला बाबांनीच शिकवलेलं.

त्या सकाळी पहिली साठ पावलं गुलाबी झाली. पुढची चाळीस काळी ती काळीच.

"बाटली शिळी असेल तुझी," बाबा म्हणाले.

"आताच भरलीय."

"मग हात शिळा!"

मला हसू आलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने मला बाजूला घेतलं. "ताई, रागावू नका. परवाही काका एक पट्टा विसरले होते. आम्ही गुपचूप उरकला. आज आमच्याही लक्षात आलं नाही."

मला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. घरी बाबा एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायचे आणि मी वय झालं म्हणून कानाडोळा करत होते. आता नोंद केली तर त्यांचं काम सुटणार होतं, आणि कामाशिवाय बाबा मला माहीतच नव्हते.

"टाकलाय मी चुना!" बाबांनी माझ्या हातून बाटली हिसकावली आणि स्वतःच्या तळहातावर फवारली. तळहात गुलाबी झाला, बोटांच्या बेचक्यासुद्धा. "हे बघ. हे काय खोटं आहे?"

"खोटं नाही, बाबा. पण तो त्या साठ पावलांचा आहे." मला रडू आवरेना.

ते तिथेच मातीत बसले. काळ्या पट्ट्यातली मूठभर माती उचलून पाहिली. "काहीच आठवत नाही गं मला."

मी नोंदवही मिटली. "राहू दे. आपण परत कालवू. कुणाला कळायचं नाही."

"आणि पुढच्या पट्ट्याला तू नसलीस तर?" त्यांनी वही ओढून घेतली, उघडून माझ्यासमोर धरली. "लिही. चाळीस पावलं, चुना नाही. खाली मी सही करतो. सही येतेय तोवर करू दे."