बावीस पावलांवरचं तळघर

१९४७ च्या सप्टेंबरात सरहद्द आमच्या अंगणातून गेली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. चार माणसं आली, एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात चुन्याची बादली. घराच्या पायरीपासून नऊ पावलांवर त्यांनी पांढरा पट्टा ओढला. घर युगोस्लाव्हियात राहिलं. समोरच्या उतारात खोदलेलं आमचं तळघर, त्याच्यावरचा द्राक्षमळा आणि अक्रोडाचं झाड इटलीत गेलं.

बाबांनी नकाशावाल्याला विचारलं, "अहो साहेब, कालच मी चार पिंपं भरलीत. ती कुणाची?"

"तुमचीच," तो म्हणाला. "फक्त जाताना परवाना लागेल."

घराच्या दारापासून तळघराच्या दारापर्यंत बावीस पावलं होती. मी लहानपणी मोजली होती.

बाबांचं नाव लुद्विक. आई लढाईतच गेली होती. घरात आम्ही तिघं: बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ एवगेन काका. काकाचं लग्न झालं नव्हतं. लढाईआधी हा सगळा मुलूख इटलीकडं होता. त्या राजवटीत आमची भाषा बोलायला बंदी होती, तेव्हा काका त्याच तळघरात पिंपांच्या आड पोरांना आमची गाणी शिकवायचा. कुणीतरी चुगली केली. काळ्या सदऱ्यातल्या फॅसिस्ट लोकांनी त्याला चौकात उभं करून बाटलीभर एरंडेल पाजलं, मग दोन वर्षं तुरुंगात टाकलं. सुटून आला त्या दिवसापासून त्यानं इटालियनचा एक शब्द तोंडातून काढला नाही. दुकानात गेला की बोटानं दाखवायचा. दुकानदार त्याला मुका म्हणायचे.

आमचं द्राक्ष रेबुला. तिचा रस सालांसकट पिंपात घातला की दुसऱ्या दिवशी खदखदायला लागतो. साली वर येतात, त्या दिवसातून तीनदा दांड्यानं खाली ढकलाव्या लागतात, नाहीतर वाइन बिघडते. आणि त्या खदखदण्यातून एक वायू सुटतो. त्याला ना रंग ना वास, तो जमिनीलगत साचतो आणि माणसाला मारतो. म्हणून त्या दिवसांत तळघराचं दार आणि मागची खिडकी सताड उघडी ठेवतात आणि आत जाताना मेणबत्ती पुढं धरतात. मेणबत्ती विझली की मागं फिरायचं. आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पण सरहद्द आली त्या सकाळी, चोरीच्या भीतीनं, बाबांनी दार-खिडकी बंद करून कुलूप घातलं होतं. त्यांना वाटलं, परवाना संध्याकाळपर्यंत मिळेल.

मिळायला आठ दिवस लागले. बाबा रोज गावातल्या कचेरीत जायचे आणि परत येऊन पायरीवर बसायचे. समोर कुलूप दिसायचं. पट्ट्यावर आमच्या बाजूला त्रायचे नावाचा सैनिक पहाऱ्याला होता. युगोस्लाव्हियाच्या दक्षिण टोकाचा, मॅसेडोनियाचा, एकोणीस वर्षांचा. आमच्याकडं पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, खायचा आणि काकाला काका म्हणायचा.

"कसली एवढी काळजी, काका?" तो विचारायचा. "दारूच ना? आमच्याकडं ती आपोआप होते."

"म्हणूनच तुमच्याकडची पिऊन डोकं धरतं," काका म्हणायचा.

चोवीस तारखेला कागद आला. एक माणूस, एक तास, नाव लुद्विक. बाबांनी धुतलेला सदरा घातला, किल्ली आणि मेणबत्ती घेतली. त्रायचेनं घड्याळ बघून त्यांना सोडलं. पलीकडं इटलीचा सैनिक होता, तोही कोवळाच. त्याला कागद वाचता येईना. त्यानं साहेबाला बोलावणं धाडलं. साहेब आला, कागद उलटसुलट बघितला, शिक्का मारला. तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

बाबांनी दार उघडलं. खरं तर दार उघडून तासभर थांबायचं असतं, पण त्यांच्याकडं वीसच मिनिटं उरली होती. त्यांनी मेणबत्ती पुढं धरली. दुसऱ्या पायरीवरच ती विझली. बाबांनी वळून आमच्याकडं पाहिलं.

काका पट्ट्यावरून ओरडला, "लुद्विक, मागं ये! दुसरा कागद काढू."

"आणखी आठ दिवस? तोवर सगळ्याचं व्हिनेगर होईल. मागची खिडकी फक्त उघडतो. अकरा पावलं आहेत, श्वास धरून जातो."

"अरे, वय काय तुझं! थांब म्हणतो ना!"

"तू गप उभा राहा," बाबा म्हणाले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले.

खिडकी उघडल्याचा आवाज आला नाही.

काका धावला. त्रायचेनं बंदूक आडवी धरली. "कागद, काका! कागदाशिवाय नाही!"

"अरे, माझा भाऊ मरतोय!"

"मला गोळी घालायचा हुकूम आहे. पाया पडतो तुमच्या, पुढं येऊ नका!" तो रडत होता, पण बंदूक त्यानं खाली केली नाही.

समोर इटलीचा सैनिक दाराकडं निघाला. बाबांना बघायला आत शिरणार, तेवढ्यात काकानं हाक मारली. इटालियनमध्ये. मी काकाच्या तोंडून ती भाषा जन्मात ऐकली नव्हती.

"आत जाऊ नकोस! मरशील! नाव काय तुझं?"

"नुंत्सियो!"

"नुंत्सियो, ऐक. तळघराला वळसा घाल. मागं खिडकी आहे, बंदुकीनं फोड. फोडलीस? आता दाराच्या डावीकडं पडवीत दोर आहे, खुंटीला."

"इथं काही नाही!"

"डावीकडं! तुझ्या डावीकडं, दाराकडं तोंड करून!"

त्याला दोर सापडत नव्हता. त्यानं टोपल्या उलथ्या केल्या, कात्र्या फेकल्या. काका पट्ट्याला पाय लावून ओरडत होता, घसा फाटेस्तोवर. शेवटी दोर सापडला. साहेबानं तो नुंत्सियोच्या कमरेला बांधला. काकानं त्याला वारा आत जाईस्तोवर थांबायला लावलं. मी खाली बसले आणि माती मुठीत धरली. मग काका म्हणाला, "आता. श्वास धर. खाली वाकलास तरी श्वास घेऊ नकोस, पाय धरून ओढ."

नुंत्सियोनं बाबांना बाहेर ओढलं आणि तिथंच ओकला. बाबांचा चेहरा निळा पडला होता. साहेबानं त्यांच्या छातीवर कान ठेवला, मग टोपी काढली.

मढं घरी आणायला आणखी एक कागद लागणार होता. उन्हाचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या चर्चच्या आवारातच त्यांना पुरलं. शवपेटी नेताना पाद्रीबाबा अक्रोडापाशी थांबले आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं प्रार्थना म्हणाले. आम्ही चुन्याच्या पट्ट्यावर उभे होतो.

दुसऱ्या दिवशी त्रायचे आमच्या दारात आला. बदली झाली होती त्याची. टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

काका म्हणाला, "बस. ऐक माझं. तू मला सोडलं असतंस, तर मीही आत शिरलो असतो. आज दोन मढी असती. कळलं? जा आता."

त्रायचेनं काकाचा हात कपाळाला लावला आणि गेला.

मी चुलीपाशी होते. तो गेल्यावर विचारलं, "काका, खरंच तुम्ही आत शिरला असतात?"

"नाही," काका म्हणाला. "मला दोर कुठं आहे ते ठाऊक होतं. शोधावा लागला नसता."

पुढं कायमचे परवाने मिळाले, दोन वर्षांनी. मी काकाबरोबर तळघरात गेले. तीन पिंपांत व्हिनेगर झालं होतं. चौथ्यावर पट्ट्याच्या पलीकडं राहिलेल्या शेजारच्या झोफकाबाईनं वेळेवर झाकण बसवलं होतं. ती वाइन चांगली निघाली होती, गर्द पिवळी. काकानं पेला भरून मला दिला, स्वतः घेतला नाही. मी प्यायले. मग आम्ही चर्चकडं गेलो. बाबांच्या लाकडी क्रुसावर कुणीतरी त्यांचं नाव इटालियन पद्धतीनं लिहिलं होतं, लोदोविको. काकानं खिशातून चाकू काढला, गुडघ्यांवर बसला आणि अक्षरं खरवडायला लागला.