करंजाखालची बीट

जिवा भोये जव्हारच्या पोस्टात चौतीस वर्षं टपाल वाटत होता. एवढ्या वर्षांत त्याची बीट, म्हणजे टपाल वाटायची रोजची फेरी, मात्र कुणाला नीट उमगली नव्हती. पावसाळ्यात आणि थंडीत तो सरळ वाटेनं फिरायचा. होळी झाली की त्याची पावलं भलतीकडेच वळायची. माळावरची नवी वसाहत पोस्टापासून सगळ्यांत लांब, पण ती तो निघाल्या निघाल्या उरकून टाकायचा. मग बाजारातली पूर्वेकडची रांग, मग दोन गल्ल्या मागे येऊन शाळेचा रस्ता, आणि ऊन डोक्यावर आलं की जुन्या करंजांच्या रांगेखालची घरं. एकदा पोस्टमास्तरांनी विचारलं होतं, "भोये, तुम्ही टपाल वाटता की टपालाला फिरवून आणता?" जिवा नुसता हसला होता. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा त्याच्या जागी रविना आली. मोखाड्याकडच्या पाड्यावरची, तेवीस वर्षांची, चालायला अशी चपळ की पहिल्या दिवशी जिवालाच मागून हाका माराव्या लागल्या. चार दिवस ती त्याच्याबरोबर मुकाट फिरली. पाचव्या दिवशी तिनं मोबाइलवर नकाशा काढला आणि बोटानं एक रेघ ओढली.

"काका, रागावू नका. पण तुमची बीट म्हणजे शेळी चरायला सोडल्यासारखी आहे. हे बघा, अशी गेले तर पाऊण तास वाचतो. आधी बाजार, मग शाळा, आणि शेवटी माळावरची वसाहत."

जिवानं नकाशाकडे पाहिलं. रेघ अगदी सरळ होती. "बरं," एवढंच तो म्हणाला. घरी येऊन मात्र जेवताना त्यानं दोनदा ताट पुढे सरकवलं.

"पोर हसली म्हणून एवढं?" त्याची बायको गौरा म्हणाली. "तू नवा होतास तेव्हा तुझ्याआधीच्या पोस्टमनच्या, लाडक्याबाबाच्या, सायकलला हसला नव्हतास का?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर म्हणते. म्हणायचं होतं काहीतरी."

पण जिवानं म्हटलं नाही. एप्रिल संपला, पोस्टात हार घातला गेला, आणि जिवा घरी बसला. बसला म्हणजे ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिला. घड्याळाकडे बघून आता कुठली गल्ली असेल ते तो गौराला सांगायचा. गौरा हूं म्हणून नागली पाखडत राहायची.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पान हलत नव्हतं. एक वाजायला आला होता. जिवा येरझाऱ्या घालता घालता थांबला. रविनाच्या रेघेप्रमाणे ती आता माळावर असणार. तिथं मोकळ्या मुरमावर नवी घरं उभी राहिली होती. मधून काँक्रीटचा पांढरा रस्ता, दोन्ही बाजूंना पत्रे आणि भिंती. कडेला सागाची चार झाडं होती, पण सागाला मे महिन्यात पान कुठलं असणार?

"गौरे, आंबील आहे का?"

गौरानं काही न विचारता बाटली भरून दिली.

वसाहतीच्या तोंडाशी येईपर्यंत जिवाच्या चपलेतून तळवे भाजायला लागले. रविना तिसऱ्या घराच्या कुंपणाला टेकून खाली बसली होती. भिंतीची सावली वीतभरसुद्धा नव्हती. तिचा चेहरा तांबडालाल झाला होता, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"काका," ती जड जिभेनं म्हणाली, "हे घर फिरतंय. एक रजिस्टर पत्र द्यायचं राहिलंय."

"रजिस्टर राहू दे. ऊठ."

त्यानं हाका मारल्या तशी समोरच्या घरातून हिराबाई बाहेर आली. ती सत्तरीची होती आणि या वसाहतीत एकटी राहायची. दोघांनी मिळून रविनाला आत नेलं. हिराबाईनं माठाचं सगळं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, ओलं लुगडं अंगावर टाकलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. जिवानं रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली. दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी अर्धा तास तिथं बसली असती तर अवघड होतं."

टपालाची पिशवी जिवानं आणली होती, पण उघडली नव्हती. निवृत्त माणसाला तिला हात घालता येत नाही. ती तशीच्या तशी त्यानं पोस्टात पोहोचवली, आणि परत येऊन रविनाच्या खाटेशी बसला.

संध्याकाळी ती नीट बोलायला लागली. जिवाला मात्र गप्प बसवेना.

"पोरी, चूक माझी आहे. मी तुला वाट दाखवली, तिचं कारण सांगितलं नाही. मे महिन्यात माळ दुपारी गाठायचा नसतो. करंजाला चैत्रात नवी पालवी येते, म्हणून भर उन्हात त्याच्याखाली राहायचं. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू हसलीस म्हणून मी रुसलो."

रविनानं डोळे पुसले. "मीही विचारलं नाही, काका. मला वाटलं, तुमच्या ओळखीची घरं आधी घेता. चहा मिळतो म्हणून."

"चहाही मिळतो," जिवा म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

आठवड्यानं ती कामावर आली तेव्हा जिवा बरोबर फिरला. शाळेतले विज्ञानाचे हेमंत सर वाटेत भेटले. त्यांना ही हकिकत कळल्यावर त्यांनी शाळेतला तापमापक आणला. करंजांच्या रांगेखाली पारा छत्तिसावर थांबला. माळावर छत्रीच्या सावलीत धरला तरी चाळिसाच्या वर गेला.

"पत्र्याखाली सावली असते, पण जीव घुसमटतो," जिवा म्हणाला. "झाडाखाली तसं होत नाही. असं का, सर?"

"झाड पानांतून पाणी हवेत सोडत असतं. अंग ओलं करून वाऱ्यात बसल्यासारखं. पत्रा नुसता तापतो."

रविनानं तापमापक सरांच्या हातात परत दिला. "माझं काय, मी माळ सकाळीच उरकेन. पण हिराबाई दुपारी कुठं जाणार?"

पुढचं काम मग तिघांत वाटलं गेलं. करंजाच्या शेंगा रविनानं बीटवरूनच गोळा केल्या. गौरानं दुधाच्या पिशव्यांत माती भरून बिया टोचल्या. रोपं दोन पानांवर आली तशी रविना वसाहतीत टपाल देताना प्रत्येक दारात विचारू लागली. कुणी म्हणालं पाला पडेल, कुणी म्हणालं गाडी कुठं लावू. हिराबाईला आंबाच हवा होता.

"आंबा सावली द्यायला वेळ घेईल, आजी. आणि आंब्यावर दगड पडतात. तुमचे पत्रे फुटतील."

हिराबाईनं करंज घेतला. सत्तावीस घरांपैकी एकोणीस घरांनी घेतला. जिवानं पहार घेऊन त्या मुरमात खड्डे खणले. दुसऱ्या दिवशी त्याला कूस बदलता येईना. गौरा पाठीला तेल चोळता चोळता त्याला बोलत राहिली.

पहिल्या वर्षी शेळ्यांनी पाच रोपं खाल्ली. मग करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याअभावी तीन गेली. रविना माळावर सकाळी पोहोचायची तेव्हा पिशवीत टपालाबरोबर पाण्याची एक बाटली असायची, आणि जे झाड सगळ्यांत मरगळलेलं दिसेल त्याला ती मिळायची. अकरा झाडं तगली.

पाचव्या वर्षी मे महिन्यात जिवा आणि रविना माळावर गेले. सुट्टीचा दिवस होता, तीन वाजले होते. लांबूनच भांडण ऐकू आलं. हिराबाई आणि तिच्या पूर्वेकडची शेजारीण तानी, दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"जिवा, तूच सांग!" हिराबाई ओरडली. "पाणी मी घातलं, काटे मी लावले. आणि दुपारची सावली हिच्या दारात! ही खाट टाकून झोपते आणि मी घरात भाजते!"

"मी काय सावली ओढून आणली?" तानी म्हणाली. "सकाळी तर ती पलीकडच्यांच्या दारात असते. त्यांना काही बोलत नाही ही."

जिवानं वर पाहिलं. करंज घराच्या पत्र्याइतका उंच झाला होता, पालवी दाट होती, आणि सावली खरंच सगळी तानीच्या अंगणात पडली होती. रविना तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"हिराबाई," तो शेवटी म्हणाला, "झाड काय सूर्याला वळवणार? तुम्हीच खाट उचला."

"आणि कुठं नेऊ?"

"माझ्या दारात, दुसरं कुठं," तानी म्हणाली. ती आत गेली आणि स्वतःच हिराबाईच्या घरातून तिची खाट ओढत घेऊन आली. एक पाय उंबऱ्याला अडकला तेव्हा रविनानं दुसरी बाजू धरली. हिराबाई पुटपुटत मागून आली, खाटेवर बसली, आणि बाजूला सरकून जिवाला म्हणाली, "बस. उभा काय राहिलास उन्हात."