कोन्सोर्सियाची चौकट

एका लाथेत दार उघडून चोरांनी शेजारणीचा झुंजीचा कोंबडा पळवला, तेव्हापासून कोन्सोर्सिया म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिचाही लाल कोंबडा घरातच निजायचा. तिनं सुताराकडून दाराची चौकट सिमेंटात पुरून घेतली, वर लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या, दाराला कुलूप घातलं आणि साऱ्या वाडीला ऐकवलं, "आता खुशाल रेडा आणून धडकवा!"

"सासूबाई, मी हे दार लाथेनं उघडलं तर कोंबडा माझा?" जावई एर्मिंगनं विचारलं.

"घे की! आधी तंगडी सांभाळ."

एर्मिंगनं लाथ हाणली. दार तसूभर हललं नाही. पण चौकटीला लागून असलेली बांबूच्या कुडाची भिंत कडकड करत अख्खी आडवी झाली. वाडी खिदळली.

"द्या कोंबडा!"

"कशाबद्दल? पैज दाराची होती, जावईबापू. ते बंदच आहे."

म्हातारीनं कमरेची किल्ली काढली, एकट्याच उभ्या राहिलेल्या दाराचं कुलूप उघडलं, ऐटीत आत जाऊन कोंबडा काखोटीला मारला आणि आतून कडी घातली.

"भिंत उभी करा," ती आतून ओरडली, "आणि मग दार वाजवून जेवायला या. डुकराचं अडोबो केलंय."